खाट नंबर दोनचा रंग

सरांबरोबर चहा प्यायला आमच्या दवाखान्यात कुणी बसत नसे. कारण त्यांची बशी. काठाला निळी रेघ असलेली चिनी मातीची पांढरी बशी ते रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवत. मशीनवरच्या रोग्याच्या नाकातून पोटात सोडलेल्या नळीला सिरिंज लावायची, पोटातलं थोडं पाणी ओढायचं, बशीत ओतायचं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात त्याचा रंग बघायचा, हा त्यांचा रोज सकाळचा कार्यक्रम. तशाच निळ्या रेघेच्या सहा बश्या त्यांनी एकदम घेतल्या होत्या. एक कामाची, पाच चहाच्या, असं ते शपथेवर सांगत. पण कामाची कुठली आणि चहाची कुठली हे त्यांचं त्यांनाच ओळखू येई.

"धुतलेली आहे बे," ते म्हणत, आणि बशीत ओतलेला चहा फुर्र करून पीत. सिस्टर तोंड फिरवून गुजरातीत म्हणायच्या, "साहेब, हवे बस करो ने," म्हणजे आता पुरे करा.

सर म्हणजे आमचे पोटाचे डॉक्टर, नागपूरकडचे. सुरतेत पंधरा वर्षं काढूनही त्यांची बोली सुटली नव्हती. तेलकट केस, पायात वेगवेगळ्या रंगाचे मोजे, आणि सकाळी न चुकता लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती नाश्ता, त्यावर हिरवी मिरची. "माझं अस्तर जाड आहे," असं म्हणून पोटावर थाप मारत. दवाखाना कतारगामच्या अलीकडे, एका ट्रस्टचा. प्लेग येऊन गेल्यावर दुसऱ्या वर्षी ट्रस्टींनी तळमजल्यावर अतिदक्षता विभाग उघडला. चार खाटा, आणि श्वास देणारी मशीनं तीन. ती मशीनं मी चालवत असे. वय चोवीस. राहायला डिंडोलीत, घरात खानदेशी बोली, कोपऱ्यात काकांचं सायक्लोस्टाइल यंत्र. लहानपणी बाकीची मुलं गोष्टीची पुस्तकं वाचत तेव्हा मी शाईने ओली पत्रकं वाळत घालत होतो. जगात जे चुकीचं आहे ते लिहून गेटावर वाटलं की अर्धं काम झालं, असा माझा समज होता.

सर मला 'क्रांतिकारक' म्हणत. राऊंडला आले की माझ्या मशीनकडे ढुंकूनही बघत नसत. "मशीन तुझं, पोट माझं," म्हणत. सगळे डॉक्टर रोग्याच्या छातीकडे बघत, हे त्याच्या पोटाकडे. नळ्यांनी जखडलेल्या बेशुद्ध माणसाला वाकून विचारत, "काय काका, जेवले का?" आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखे थोडे थांबत.

एकदा मी विचारलं, "सर, इथे लोक श्वासावाचून मरताहेत. तुम्हाला पोटाचं काय पडलंय?"

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "माणूस मरणाला टेकला की शरीर सगळ्यात आधी कुणाचं रक्त कापतं, सांग. पोटाचं! मेंदूला मिळतं, काळजाला मिळतं, पोटाला म्हणतात तू थांब. पोट ओरडत नाही ना. मग त्याचं अस्तर उपाशी पडतं, पातळ होतं, आणि त्याचंच आम्ल त्याला खाऊन राहतं. एका दिवसात लाल ठिपके. तुझं मशीन छातीत हवा ढकलतं, त्याच्या दाबानं रक्त आणखी मागं हटतं. तू वर श्वास देतो, अन् खाली ते जळून राहतं. ठिपक्याची जखम होते, जखमेतून रक्त. फुप्फुस सुधारलेला माणूस पोटानं मरतो. मी पाहिलेत असे."

"सर, हे तर आमच्या पत्रकातलंच वाटतं. ज्याला आवाज नाही, त्याचं आधी कापायचं."

"पत्रकात टाकू नको. हे शरीर आहे. याला युनियन नसते."

त्यांच्याकडे पोटात घालायची एक जुनी दुर्बीण होती. काळी, बोटाएवढी जाड, दोन हात लांब. तिला कॅमेरा नव्हता. एक डोळा लावून बघायचं, दिसेल ते मनात ठेवायचं. सरांची अडचण अशी की त्यांना रोज बघितलेला रंग दुसऱ्या दिवशी जुळवून पाहायचा असे, आणि रंग काही शब्दांत राहत नाही. "काल गुलाबी होतं म्हणजे कसं गुलाबी? गुलाबाचं की कांद्याचं?" असं स्वतःशीच भांडत ते विभागातून फिरत.

तोडगा निघाला तो आमच्या गल्लीतून. माझ्या शेजारी भिकनदादा राहायचा. धुळ्याकडचा. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग कालवायच्या खोलीत होता. त्याची नखं नेहमी कुठल्या ना कुठल्या रंगाची असत. कधी जांभळी, कधी पिवळी, शेवटी शेवटी फिरोजी. व्यापारी कापडाचा तुकडा आणून टाकायचा आणि भिकनदादा डोळ्यानं बघून सांगायचा, यात इतकं हे, इतकं ते. मी त्याला सरांची अडचण सांगितली. तो हसला. दुसऱ्या दिवशी एक शेडकार्ड घेऊन आला. गुलाबीपासून काळपट लालपर्यंत कापडाच्या चिंध्यांचे चौकोन चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर.

"तुना डॉक्टरले दे," तो म्हणाला. "सांग, आमनाकडे रंग चुकस नही."

ते कार्ड हातात घेऊन सर किती खूश झाले! त्या दिवसापासून दुर्बिणीला एक डोळा लावायचा, तो काढून कार्डावर टेकवायचा, आणि ओरडायचं, "सहा!" सिस्टर वहीत लिहीत: खाट एक, सहा. सहा म्हणजे निरोगी, ओल्या गुलाबी अस्तराचा रंग. नऊ म्हणजे फिकट पडलं, रक्त आटतंय. चौदाला ठिपके. चौदा आलं की ते त्याच दिवशी भारी औषध सुरू करत, नळीतून दर दोन तासांनी पांढरी पावडर पाण्यात घालून सोडायला लावत, आणि ठिपके बहुतेक तिथंच थांबत. हळूहळू सगळ्या जगालाच नंबर लागले. सिस्टरांची नवी साडी अकरा. तापीवरचं संध्याकाळचं आभाळ एकवीस. "या आभाळाला आत्ताच्या आत्ता इंजेक्शन द्या," असं म्हणत ते पुलावरून सायकल हाकत घरी जात.

इथवर सगळं गमतीचं होतं. आता माझी गोष्ट सांगायला हवी.

खाट तीनवर एक म्हातारे होते. त्यांची बायको डबा घेऊन आली, काचेतून आत बघितलं, आणि नवऱ्याच्या तोंडात ती काळी नळी उतरताना दिसली. ती किंचाळली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की कुणालाच सांगत नव्हते. वरच्या मजल्यावर खासगी खोल्यांमध्ये नातेवाइकांना खुर्ची देऊन, समजावून, सही घेऊन मग दुर्बीण घालत. खाली आमच्या लोकांचा अंगठासुद्धा घेत नव्हते.

मी सरांना विचारलं, "यांना विचारलं का तुम्ही?"

"काय विचारू? फायद्याचंच आहे त्याच्या."

"वरच्यांच्याही फायद्याचंच असतं. त्यांना विचारता."

"वरचे कोर्टात जातात बे," सर सहज म्हणाले आणि बशी पुसायला लागले.

त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. ते वाईट बुद्धीनं बोलले नव्हते. म्हणूनच जास्त फिरलं. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आमची पोटं तुमच्या प्रयोगासाठी नाहीत'. वर सही, खाली गुपचूप, हे का? आमच्या माणसाच्या शरीरात काय घालायचं ते त्याला विचारल्याशिवाय घालायचं नाही, आणि तो नाही म्हणाला तर नाही. भिकनदादानं एका हातानं यंत्राचा दांडा फिरवला, पाळी सुटायच्या वेळी मिलच्या गेटावर उभं राहून गठ्ठा वाटला आणि एक प्रत घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. त्याला वाचता जेमतेम यायचं. पण 'नाही म्हणाला तर नाही' ही शेवटची ओळ त्याला पाठ झाली होती.

चार दिवसांत पत्रक ट्रस्टींच्या टेबलावर पोचलं. त्यांना विचारण्या न विचारण्याशी काही घेणं नव्हतं, त्यांना बदनामी नको होती. लोकांना विचारायची पद्धत त्यांनी सुरू केली नाही. त्यांनी दुर्बीणच कपाटात टाकली. अधीक्षकांनी हुकूम काढला की मशीनवरच्या रोग्याच्या पोटात कुणी बघायचं नाही, आणि न बघता महागडं औषध वाया जायला नको म्हणून रक्त दिसल्याशिवाय पोटाचं भारी औषध द्यायचं नाही. सरांना बाहेरच्या तपासणीवर बसवलं. मला वाटलं, आपण जिंकलो. गल्लीत पेढे वाटायचेच तेवढे राहिले होते.

सर व्हरांड्यात भेटले. मी मान ताठ केली. ते म्हणाले, "काय बे क्रांतिकारक, मशीनचं फिल्टर बदललं का?" बस, एवढंच.

महिना झाला नसेल, भिकनदादाचे पाय गेले. सकाळी उठायला गेला आणि उभाच राहता येईना. पायातलं बळ गेलं, मग कमरेतलं, मग हातातलं, तिसऱ्या दिवशी छातीतलं. नसांचा आजार. चढतो तसा उतरतोही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तेवढे दिवस श्वास मशीननं द्यायचा. मी त्याला खाट दोनवर घेतलं. माझ्या हातानं नळी जोडली. तो पूर्ण शुद्धीत होता. हलत होत्या त्या फक्त पापण्या. सिस्टरांनी त्याला शिकवलं, एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा मिटल्या म्हणजे नाही.

कमलवहिनी, त्याची बायको, बाहेरच्या बाकावर बसून राहायची. दोनच गोष्टी विचारायची. "भाऊ, मशीन त्यासनाकरता श्वास लेस, पन जेवन कोन करस?" आणि, "पोट दुखस का त्यासनं?" पोटाचं विचारणारं तिच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. मशीनवरच्या दुसऱ्या दिवशी कुणी दुर्बीण घातली नाही. तिसऱ्या दिवशी कुणी नंबर ओरडला नाही. छाती मात्र सुधारत होती. आठव्या दिवशी त्याचा अंगठा हलला. मी मशीनचा जोर थोडा कमी करून बघितला, तो चार श्वास स्वतःचे घेऊन दाखवून माझ्याकडे असा बघत होता की जणू अख्खी मिल त्याच्या नावावर झाली.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टरांनी नळीतून पाणी ओढलं तर ते चहाच्या चोथ्यासारखं आलं. तपकिरी, कणीदार.

मी धावत बाहेरच्या तपासणीत गेलो. रांगेतले लोक बाजूला करत आत घुसलो. सर एका बाईची जीभ बघत होते. मी म्हणालो, "सर, खाट दोन. बशी आणा." ते तसेच उठले. वाटेत अधीक्षकांच्या खोलीत गेले, आत आवाज चढल्याचं ऐकू आलं, आणि बाहेर आले ते कपाटाची किल्ली घेऊनच. "औषध सुरू करा म्हणालो आहे," ते चालता चालता म्हणाले. "पण उशीर झाला, औषध एकटं पुरणार नाही. दुर्बिणीतून जखम शोधून तिथंच सुईनं औषध टोचून बंद करावी लागेल. अधीक्षक म्हणाले, रोगी हो म्हणाला तर कर. पत्रकाची भीती बसली आहे त्यांना."

मी म्हणालो, "तो हो म्हणेलच."

सर खाटेपाशी गेले. कोट नीट केला. खालच्या रोग्याची परवानगी त्यांनी कधी मागितली नव्हती हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. कुणीतरी परीक्षेला बसवल्यासारखे उभे होते. मग वाकले.

"भिकनराव, तुमच्या पोटात जखम झाली आहे. रक्त येऊन राहिलं. दुर्बीण घालून बघायचं आहे. तोंडातून जाईल, त्रास होईल, पण जखम बंद करता येईल. नाही बघितलं तर जिवाला धोका आहे. बघू का?"

भिकनदादानं सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. पापण्या मिटल्या, उघडल्या. पुन्हा मिटल्या.

"परत विचारतो," सर म्हणाले. परत विचारलं. परत दोनदा.

कमलवहिनीला आत बोलावलं. तिनं त्याचे फिरोजी नखांचे हात आपल्या हातात घेतले. नखांच्या मुळाशी आता रंग नसलेली बारीक कोर आली होती. "हो म्हना ना," ती म्हणाली. "डॉक्टर चांगला शे." त्यानं तिच्याकडे बघितलं आणि दोनदा डोळे मिटले. ती रडता रडता माझ्याकडे वळली. "जिंदगीभर यासले कोनी काही पुसं नही, भाऊ. आज पुसं, तं नही म्हनी राह्यनात."

मग मी वाकलो. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "दादा, ते पत्रक आपल्यासाठी नव्हतं."

मी असं म्हणालो. शब्द बदलून लिहिता येईल, पण मी हेच शब्द बोललो. आजवरच्या आयुष्यात मी यापेक्षा घाण वाक्य उच्चारलेलं नाही. भिकनदादानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मिलच्या गेटावर गठ्ठा हातात घेताना तो जसा बघायचा तसंच बघत होता. मग पापण्या. एकदा. मला वाटलं, हो म्हणाला. दोनदा.

मी सरांना व्हरांड्यात गाठलं. त्यांचा हात धरला. "सर, विचारू नका. घाला. याआधी घालतच होता ना? कुणाला कळणार आहे?"

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. पण मान हलवली. "आता नाही बे. आधी विचारलं नव्हतं, तेव्हा घालत होतो. आता विचारलं आहे."

"तो मरेल."

"हो."

"सर, तो माझ्यामुळं नाही म्हणतोय."

"असेल. भीतीनंही असेल. त्याला त्याचं कारण नाही विचारलं मी. तेवढा हक्क नाही आपला." मग बशी खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवत म्हणाले, "दुपारी परत विचारतो."

दुपारी विचारलं. संध्याकाळी विचारलं. प्रत्येक वेळी तेच सगळं, शब्दन्‌शब्द, कोट नीट करून. प्रत्येक वेळी दोनदा. दहाव्या दिवशी सकाळी विचारायला ते खाटेपाशी पोचले तेव्हा नळीतून लाल रक्त येत होतं. चोथा नाही, ताजं. चादर भिजली. बाटल्या लावल्या, रक्त आणलं, सरांनी स्वतः बर्फाच्या पाण्यानं पोट धुतलं. मशीन शेवटपर्यंत नीट चाललं. माझ्या मशीनवर त्याच्या श्वासाचे आकडे इतके चांगले होते की त्या दिवशी त्याला मशीनवरून काढायचं ठरलं होतं.

नंतर सर वही घेऊन आले आणि खिडकीत बसले. खाट दोनच्या पानावर नंबरांचे रकाने रिकामे होते. नवव्या दिवसाच्या प्रत्येक रकान्यात त्यांनी तिरप्या अक्षरात लिहिलं: 'विचारलं. नाही म्हणाला.' मग वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या शेडकार्डावरून बोट फिरवत राहिले. कार्डाच्या कडेला एक फिरोजी ठसा होता. चिकटवताना भिकनदादाचा अंगठा लागलेला. जगातल्या प्रत्येक गोष्टीला नंबर देणाऱ्या त्या माणसाला मी विचारलं, "किती होतं सर? आत?" ते म्हणाले, "बघितलंच नाही ना बे."

भिकनदादाचं दहावं झाल्यावर सर डिंडोलीत आले. सायकलवरून, एवढ्या लांब. ओट्यावर बसले. कमलवहिनीनं चहा केला. बशी धुऊन आणली, त्यांनी बशीत ओतून घेतला. मी त्यांच्या शेजारी बसून प्यायलो. वहिनीनं आतून एक घडी केलेला कागद आणला. भिकनदादाच्या शर्टाच्या खिशात सापडला होता.

"हाई काय शे, भाऊ?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

सरांनी कागदाकडे बघितलं. पत्रकावरून त्यांची खुर्ची गेली होती, पण त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. "वाच," ते मला म्हणाले.

मी वाचलं. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्यानं. मध्ये थांबलो नाही. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एक शब्द खोटा नाही यात. मी विचारायला पाहिजे होतं. पहिल्या माणसापासून."

मलाही यातला एक शब्द खोटा वाटत नाही. त्या दिवशी वाटला नाही, आज लिहितानाही वाटत नाही. एखादा सापडला असता तर मी त्याला धरून बसलो असतो.

कमलवहिनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. शिकलेली दोन माणसं एकमेकांना बरोबर म्हणत होती.

"मंग त्या कसाकरता मरनात, भाऊ?" तिनं विचारलं.

सरांनी बशी खाली ठेवली. चहावर साय धरली होती. मी कागद त्याच्या जुन्या घड्यांवरून पुन्हा दुमडला. वहिनीनं हात पुढं केला होता. तिला तो परत हवा होता.